कृतार्थता किती गुणांची?

गेल्या सत्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आम्ही फळ्यावर एक प्रश्न लिहिला. 'आयुष्यात तुम्ही जे जे करता ते एकंदरीत कितपत मोलाचे आहे, असे तुम्हांला वाटते? शून्य ते दहा यांपैकी एक आकडा लिहा.' प्रश्न आमचा नव्हता. तो कुठून आला ते पुढे सांगतोच. नावे न घालता कागद गोळा केले. बहुतेकांनी सहा, सात, आठ असे सभ्य आकडे लिहिले होते. एका कागदावर मात्र आकडाच नव्हता. तिथे उलट प्रश्न होता : 'कोणत्या कामाबद्दल विचारता? इथे बसून वाचतो त्याबद्दल, की रात्री पेट्रोल पंपावर उभा राहतो त्याबद्दल?'

त्या दिवशी आम्ही तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि तास संपवला. उत्तर सुचले नाही, हे खरे कारण. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. शब्दांचे अर्थ सांगणे हा आमचा व्यवसाय. तरी 'अर्थपूर्ण काम' या साध्या जोडशब्दापाशी आम्ही अडलो. प्रस्तुत लेख हा त्या कागदाला उशिरा दिलेले उत्तर आहे असे वाचकांनी समजावे.

आधी प्रश्नाचे मूळ. माणसाचे आयुष्य बहरले आहे की नाही हे मोजता यावे, अशी खटपट गेल्या काही दशकांत जगभर चालू आहे. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली शिडीची कल्पना मांडली. सर्वांत वरच्या पायरीवर तुमच्या कल्पनेतले सर्वोत्तम आयुष्य, तळाशी सर्वांत वाईट. तुम्ही आज कोणत्या पायरीवर उभे आहात? २०१२ पासून प्रसिद्ध होणारा जागतिक आनंद अहवाल याच शिडीवर उभा आहे. भूतानने 'सकल राष्ट्रीय आनंदा'चे तत्त्व २००८ च्या राज्यघटनेतच घातले आणि त्याचा निर्देशांक नऊ क्षेत्रांत विभागला. हार्वर्डचे टायलर व्हँडरवील यांनी २०१७ मध्ये सुचवलेली मोजणी आणखी पुढे जाते. आनंद व समाधान, शारीरिक-मानसिक आरोग्य, अर्थ व उद्दिष्ट, चारित्र्य, जवळचे नातेसंबंध ही पाच क्षेत्रे आणि त्यांना टिकवून धरणारे आर्थिक स्थैर्य हे सहावे, असे एकूण बारा प्रश्न. आम्ही फळ्यावर लिहिलेला प्रश्न त्या बारांतला. या बहराकडे नेणाऱ्या चार वाटाही त्यांनी सांगितल्या : कुटुंब, काम, शिक्षण आणि धर्मसमुदाय. पुढे याच दिशेने बावीस देशांत दोन लाखांहून अधिक माणसांची पाहणी सुरू झाली. तिचे पहिले निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा इंडोनेशिया सर्वांत वर आणि जपान सर्वांत खाली होता. श्रीमंत देशांतील लोक आयुष्याविषयी समाधानी असल्याचे सांगतात, पण जगण्यात अर्थ आहे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण तिथे तुलनेने कमी, असेही त्यातून दिसले.

अशा पाहण्या वाचताना साहित्याच्या माणसाची पहिली प्रतिक्रिया नाक मुरडण्याची असते. माणसाच्या आतले काही असे आकड्यात मावते काय? आमचीही तीच होती. पण ती पुरेशी नाही, या मतापर्यंत आम्ही आलो आहोत. का, ते सांगण्यासाठी भाषेपासून सुरुवात करावी लागेल.

इंग्रजीत ज्याला 'फ्लरिशिंग' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द कोणता? 'भरभराट' म्हणावे तर दुकानाची होते. 'बहर' झाडाला येतो आणि ओसरतो. 'उत्कर्ष' शुभेच्छापत्रांनी झिजवून टाकला. आमच्या मते या अर्थाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'कृतार्थता' हा आहे. ज्याचा अर्थ, म्हणजे हेतू, साधला गेला तो कृतार्थ. शब्दाच्या पोटातच 'कृत' आहे. मनात उमटलेली प्रसन्नता कृतार्थ होण्यास पुरत नाही. काही केलेले असावे लागते. काम आणि सफल जीवन यांचा जो संबंध संशोधक आज आकड्यांतून शोधत आहेत तो या शब्दाने आधीच बांधून ठेवला आहे.

'अर्थ' या शब्दाची गंमत त्याहून मोठी. तो शब्दाचा आशयही आहे आणि पैसाही. मराठी वर्तमानपत्रांत 'अर्थपूर्ण व्यवहार' म्हटले की कोणते पाकीट कोणाच्या टेबलाखाली गेले हे वाचक बरोबर ओळखतो. विनोद सोडला तरी भाषेतला हा योगायोग आम्हांला उपयोगी वाटतो. काम अर्थपूर्ण आहे काय, असे मराठीत विचारले की एका दमात दोन प्रश्न विचारले जातात : त्यात आशय आहे काय, आणि त्यातून पोट भरते काय? या दोन अर्थांची फारकत कोण आणि कशासाठी करतो, हा आमच्या मते या विषयातला कळीचा मुद्दा आहे.

ही फारकत जुनी आहे. अॅरिस्टॉटल 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये सफल जीवनाचा विचार करताना दाखला घेतो तो कारागिराचा. सुताराला, चर्मकाराला आपापले कार्य असते, मग माणूस म्हणून माणसाला काही कार्य नसेल काय, असा त्याचा प्रश्न आहे. युक्तिवाद सुंदर आहे. पण तोच अॅरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'मध्ये सांगतो की, उत्तम राज्यात कारागिराला नागरिक करू नये. त्याच्या जगण्यात सद्गुणांना अवकाश नसतो. ज्याच्या हातांवरून सफलतेची व्याख्या सुचली त्यालाच ती सफलता नाकारली गेली. कामाविषयी बोलणारा आणि काम करणारा हे दोघे वेगळे असले की असे होते.

मराठीचे भाग्य असे की, आपल्याकडे तेराव्या-चौदाव्या शतकांत काम करणारेच बोलू लागले. अरणचे सावता माळी, तेरचे गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेवांच्या घरची दासी जनाबाई, मंगळवेढ्याचे चोखामेळा. वर्गात आपण यांची यादी एका दमात म्हणतो आणि 'संतांनी श्रमाला प्रतिष्ठा दिली' असे वाक्य लिहून देतो. परीक्षेत ते दोन गुणांना चालते. पण ही यादी थांबून पाहिली तर तिच्यात कामाविषयीच्या तीन वेगवेगळ्या भूमिका दिसतात. सावतोबांचा देव मळ्यातच आहे. काम आणि उपासना यांत अंतरच उरलेले नाही. जनाबाईंचा देव दळायला, पाणी भरायला मदतीला येतो. म्हणजे इथे काम पवित्र असण्यापेक्षा जड आहे, आणि ते वाटून घेणारा कोणी हवा आहे. आणि चोखोबा? परंपरा सांगते की, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम वेठीने करताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते तिच्याखाली गेले. साल १३३८. पंढरीला त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे, आत नाही.

आता कल्पना करावी की, आमचा शून्य ते दहाचा प्रश्न घेऊन कोणी पाहणी करणारा या तिघांकडे गेला आहे. भक्तीच्या बळावर तिघांनीही नऊ सांगितले, असे धरू. सरासरी उत्तम येईल. त्या सरासरीत मळ्याचा धनी, घरातली दासी आणि वेठीचा मजूर यांतला फरक मात्र कुठेही दिसणार नाही. हा दोष उत्तर देणाऱ्याचा नव्हे. चोखोबांच्या घराने तर आपली तक्रार लपवली नव्हती. सोयराबाई आणि कर्ममेळा यांचे अभंग ज्यांनी वाचले त्यांना ती ठाऊक आहे. दोष प्रश्नाचा आहे. 'तुम्हांला कसे वाटते' इतकेच विचारले की, 'तुम्हांला हे काम कोणी दिले आणि ते सोडता येते काय' हे विचारायचे राहून जाते.

हा प्रश्न विसाव्या शतकात सर्वांत स्पष्टपणे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांनी जातिव्यवस्थेच्या आर्थिक समर्थनाला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : ती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्याच्या पुढचा मुद्दा आपल्या वर्गात तितका पोहोचत नाही. माणसाचे काम त्याच्या निवडीवर, कलावर, क्षमतेवर न ठरता जन्मावर ठरते, तेव्हा त्याचे मन आणि हृदय त्या कामात असूच शकत नाही, आणि मग अशा व्यवस्थेकडून कार्यक्षमतेची तरी अपेक्षा कशी करावी, असे ते विचारतात. 'अर्थपूर्ण काम' हा आज परदेशी मानसशास्त्राचा विषय म्हणून आपल्यापर्यंत येतो. त्याची राजकीय मांडणी इथे जवळपास नव्वद वर्षांपूर्वी झालेली आहे. बाबूराव बागूल आणि दया पवार यांच्या गद्यात जे लागट होऊन येते ते हेच : हाताला चिकटवलेले काम आणि ते झिडकारण्याची किंमत.

मग मोजणी टाकूनच द्यावी काय? तसे आम्हांला वाटत नाही, आणि त्याचे कारण ऑस्ट्रियातल्या एका खेड्यात आहे. व्हिएन्नाजवळचे मारिएनटाल हे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. महामंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. १९३१-३२ च्या सुमारास मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांसह तिथे गेले. त्यांचे पुस्तक १९३३ साली आले. या मंडळींनी भावना विचारल्या, पण तेवढ्यावर भागवले नाही. गावातल्या वाचनालयाची नोंदवही पाहिली. बेकारांना वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही काढून टाकली होती, तरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घसरून साधारण निम्म्यावर आली होती. खिडकीत घड्याळ घेऊन उभे राहून त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष सावकाश चालत, मध्येच पुन्हापुन्हा थांबत. दिवसभरात काय केले हे लिहून मागितले तर पुरुषांना तास भरता येईनात. बायकांची चाल मात्र वेगळी होती. त्यांचा गिरणीतला पगार गेला होता. स्वयंपाक, धुणे, मुले हे काम कुठेही गेले नव्हते.

मोजणी अशीही करता येते. चालण्याचा वेग आणि न वाचलेली पुस्तके यांतून या अभ्यासाने जे दाखवले ते एखाद्या कादंबरीने दाखवावे तसे आहे : काम गेले की पैशाबरोबर दिवसाचा आकारही जातो. याहोडा यांनी पुढे यावरून काम माणसाला वेतनाखेरीज काय काय देते याची मांडणी केली. वेळेची बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, सामूहिक हेतूतला वाटा, समाजातले स्थान आणि नेमाने करायची कृती. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या चमूचा नियम होता की, गावात कोणीही नुसता निरीक्षक म्हणून राहायचे नाही. कपडे वाटणे, वैद्यकीय तपासणी, शिवणवर्ग असे काही तरी उपयोगाचे करत करतच माहिती मिळवायची.

मराठी वाचकाला मारिएनटाल वाचताना गिरणगाव आठवल्याशिवाय राहत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि त्यांतल्या बहुतेकांचे काम कायमचे गेले. तिथे खिडकीत घड्याळ घेऊन कोणी उभे होते काय? आपल्यापाशी जे आहे ते जयंत पवारांचे 'अधांतर' आहे, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी जमवलेल्या गिरणगावच्या मौखिक कहाण्या आहेत. चाळीच्या खोलीत थांबून राहिलेला दिवस आपल्याला नाटकातून कळतो. यावरून साहित्य श्रेष्ठ आणि सांख्यिकी कनिष्ठ असे आम्हांला म्हणायचे नाही. दोन्हींची नजर एकाच जागी लागली होती एवढेच दाखवायचे आहे.

इथवर कामातल्या आशयाविषयी. आता त्याच्या दुसऱ्या अर्थाकडे, पैशाकडे, वळतो. कारण मोजणीचा सर्वांत मोठा धोका तिथे आहे. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्प्सन या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील प्राणिसंग्रहालयांत जनावरांची निगा राखणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक आपल्या कामाला जन्माचे व्रत मानत. त्यांना कामात विलक्षण अर्थ सापडे. आणि नेमकी तीच मंडळी कमी पगार, गैरसोयीच्या वेळा, स्वतःच्या आयुष्याची ओढाताण सहन करायला तयार होत. व्यवस्थापनाला त्याचा फायदा घेता येई. अर्थ जितका जास्त, तितका अर्थ कमी, असे मराठीत म्हणता येईल.

आपल्याकडे या व्यवहाराला एक खास शब्द आहे : 'मानधन'. शब्द मोठा देखणा. धनाच्या आधी मान. पण मान आधी आला की धन कमी असले तरी चालते, हा त्यातला छुपा करार. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' कार्यकर्त्यांची योजना आली. गरोदर बाईला दवाखान्यात पोहोचवणारी, लसीकरणासाठी दारोदार जाणारी, कोविडच्या साथीत वस्ती-वस्ती तपासणारी ही बाई सरकारी कागदावर 'स्वयंसेविका' आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कार्यकर्त्यांचा गौरव केला. महाराष्ट्रात त्याच्या आधी २०२१ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. त्यांना तो बारा प्रश्नांचा कागद दिला तर 'मोलाचे काम' या रकान्यात त्या उंच आकडा लिहितील, असे आम्हांला वाटते, आणि तो खरा असेल. पण तो आकडा उद्या कोणी धोरणकर्ता असा वाचेल, की यांच्या कामात समाधान भरपूर आहे, वेतनश्रेणीची घाई नाही. खरा आकडा अशा रीतीने खोटी साक्ष देऊ शकतो.

हे दुसऱ्याविषयी बोलणे सोपे आहे. आमच्यापैकी एकाने अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. सेट उत्तीर्ण, पीएच.डी. पूर्ण, आणि दरवर्षी जूनमध्ये नव्याने अर्ज. सुटीत वेतन नाही, कारण सुटीत तास नाहीत. ज्या महाविद्यालयात हे घडले तिथे दर ५ सप्टेंबरला त्याला गुलाबाचे फूल मिळे आणि शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार कसा असतो यावर भाषण ऐकायला मिळे. त्या काळात त्याला कोणी विचारले असते तर, वर्गात शिरल्यावरच्या पन्नास मिनिटांना त्याने दहापैकी दहा दिले असते. हे त्याचे भाबडेपण नव्हते. ती पन्नास मिनिटे तशीच होती. प्रश्न एवढाच की, त्या दहा गुणांवर उरलेली व्यवस्था चालत होती.

जे कायम झाले त्यांची मोजणी वेगळ्या तऱ्हेने झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने कामगिरीच्या गुणांकाची पद्धत आणली. २०१८ मध्ये तिच्यात बदल झाले. मधल्या वर्षांत शोधनिबंधांचे ढीग लागले, चर्चासत्रांची प्रमाणपत्रे लॅमिनेट होऊन फायलींत गेली. एखाद्या मुलीला ग्रंथालयात नेऊन तिच्या हाती पहिल्यांदा 'बलुतं' दिले, याला रकाना नव्हता. जे मोजले जाते ते वाढते आणि जे मोजले जात नाही ते आटते, हे आम्ही स्वतःच्या हातांनी करून पाहिले आहे. म्हणूनच उद्या 'अर्थपूर्णता' हाही एक रकाना होईल, या शक्यतेने आम्हांला धडकी भरते.

तरीही मोजू नका, असे आम्ही म्हणत नाही. न मोजलेल्याची कोणी दखलही घेत नाही, हे बायकांच्या घरकामाने पुरेसे शिकवले आहे. आमचे म्हणणे इतकेच की, वाटण्याच्या आकड्याला एकटे सोडू नये. अमर्त्य सेन यांनी आरोग्याबाबत हे दाखवून दिले आहे. आपण आजारी आहोत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळमध्ये जास्त आणि बिहारमध्ये कमी होते, पण आयुर्मान केरळचे जास्त. ज्याला दवाखाना आणि शाळा ठाऊक आहे त्याला दुखणे ओळखता येते. कामाच्या समाधानालाही हेच लागू आहे. ज्याने दुसरे काम पाहिलेलेच नाही, त्याच्या आठ गुणांत त्याच्या सवयीचे किती आणि कामाचे किती?

तेव्हा 'किती मोलाचे वाटते' याच्या शेजारी निदान चार प्रश्न असावेत, असे आम्हांला वाटते. हे काम तुम्ही निवडले काय? उद्या ते सोडायचे ठरवले तर सोडता येईल काय? त्याच्या मोबदल्यात घर चालते काय? आणि ते कसे करावे, याबाबत तुमचे कोणी ऐकते काय? हे प्रश्न आकड्यांत मांडता येतात. त्यांची उत्तरे भावनेइतकी निसटती नाहीत. सावता माळी आणि चोखामेळा यांच्यातले अंतर पहिल्या प्रश्नाने दिसले नसते, या चारांनी दिसले असते. अर्थाचे दोन अर्थ पुन्हा एका कागदावर आणणे, एवढाच या मागणीचा आशय आहे.

यात साहित्याच्या अध्यापकाचे काय काम, असे कोणी म्हणेल. प्रश्नाची भाषा तपासणे हेच तर आमचे काम. 'स्वयंसेविका', 'मानधन', 'सेवाभाव', 'व्रत' हे शब्द कोण कोणासाठी वापरतो, हे वर्गात विचारता येते. संतांच्या यादीतली भिंत दाखवता येते.

त्या कागदाचे अक्षर आम्ही ओळखले होते. सत्र संपताना त्या मुलाला गाठून सांगितले की, तुझ्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही, पण प्रश्न बरोबर आहे. आकडा एक मागितला होता, कामे दोन होती. तो म्हणाला, "सर, पंपावर रात्री दोननंतर गाड्या कमी असतात. तेव्हा वाचतो. दोन्ही कामे वेगळी आहेत असे लिहिले खरे, पण तसे वेगळेही करता येत नाही." मग थोडे थांबून म्हणाला, "फक्त मालकाला कळता कामा नये."

या शेवटच्या वाक्याला शून्य ते दहापैकी कोणता आकडा द्यावा, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.